नकाशावरची पायवाट

नकाशात ती एक बारीक तुटक रेघ होती. तुटक रेघ म्हणजे पायवाट. शेताच्या कडेला सुरूच्या झाडांची लांब रांग होती, तिच्यातल्या एका फटीतून ती रेघ आत शिरत होती, शेत ओलांडताना एके ठिकाणी उगाचच डावीकडे वळसा घेत होती आणि घराच्या मागच्या दाराशी जाऊन संपत होती.

मोजणीदार बाईंनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला होता. तो उडू नये म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली होती. वारा असा होता की बघता बघता त्या ढेकळांचाच भुगा होऊन नकाशावर पसरायला लागला.

"या पायवाटेनं कोण ये-जा करतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. शेत तिच्या आईच्या नावावर होतं, पण नांगरण्यापासून काढणीपर्यंत सगळं हीच करायची. केस पिकायला लागले होते, तरी घरात तिला अजून धाकटी म्हणत.

"मग पायवाट पडली कशी?"

"ते तुम्ही शोधायचं ना. का तुम्हाला नुसतं ऊन खायला पाठवलंय?"

मोजणीदार बाई हसल्या. त्यांना अशा बोलण्याची सवय होती. ज्यांची जमीन चाललेली असते ती माणसं गोड बोलत नाहीत.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. माती ही तापवलेल्या दुधासारखी असते. सगळं सत्त्व वरच्या सायीत. ती साय वारा कुठून आणि किती उचलून नेतो, ते शेतोशेत हिंडून मोजायचं आणि नकाशात रंगवायचं. थोडी गेली तर पिवळा रंग, बरीच गेली तर लाल. मग जिथे लाल रंग असेल तिथे वाऱ्याच्या आडवी नवी झाडं लावायची. रोपांची गाडी घेऊन मुकादम दुसऱ्या दिवशी सकाळी इथे पोचणार होता.

अडचण होती ती त्या तुटक रेघेची. विमानातून काढलेल्या फोटोंवरून हा नकाशा कचेरीत टेबलाशी बसून काढलेला होता. फोटोत शेतातून एक फिकट, अरुंद पट्टा दिसला. काढणाऱ्याने तो पायांनी मळलेला समजून पायवाटेची खूण केली आणि चहा प्यायला गेला असेल. आता नियम असा, की नकाशावर पायवाट असेल तिथे झाडं लावायची नाहीत. उलट गाडी जाईल एवढी मोकळी जागा सोडायची. माणसांची ये-जा अडवून झाडं लावू नयेत, म्हणून कोणी शहाण्याने केलेला हा चांगला नियम होता. पण इथे त्याने फट बुजायची तर नाहीच, दुप्पट रुंद व्हायची.

"रेघ खोडता येत नाही का?" धाकटीने विचारलं.

"येते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं माझ्यासमोर सांगायचं, की इथून कोणी येत-जात नाही. बस, तेवढंच."

"तेवढंच," धाकटी म्हणाली. "ते सोडून काहीही सांगा, आई म्हणेल."

दोघी शेतात उतरल्या. तो पट्टा जवळून पाहिल्यावर मोजणीदार बाईंनाही क्षणभर वाटलं, की टेबलाशी बसलेल्या माणसाला दोष देऊ नये. एक माणूस चालेल एवढीच रुंदी. तळ घट्ट, गुळगुळीत. दोन्ही कडा पायांनी झिजाव्यात तशा गोल झालेल्या. फक्त पाऊल एकही उमटलेलं नव्हतं. तळावर वाळूच्या बारीक लाटा होत्या आणि सगळ्या घराच्या दिशेने सरकत होत्या.

मध्ये एक लोखंडी सळई दोन बोटं वर आलेली दिसली. "ही कोणी ठोकली? पायवाटेत आमची माणसं सळया ठोकत नाहीत."

"मी. तुमचा तो आधीचा माणूस माती मोजायला आला होता ना, त्याच्याकडून एक मागून घेतली. त्यानं शेतात ठोकल्या तशीच ठोकली, डोकं जमिनीला टेकेपर्यंत."

सळईची गंमत अशी, की ती हलत नाही, माती हलते. पावसाळा संपताना जमिनीबरोबर असलेलं डोकं आता दोन बोटं उघडं पडलं होतं, म्हणजे तेवढी माती एका कोरड्या मोसमात गेली होती. मोजणीदार बाईंनी खाली बसून बोटाने उकरलं. काळसर मातीचा चार-पाच बोटांचा थर, आणि त्याखाली लगेच पिवळा मुरूम.

"अजून दोन-तीन मोसम," त्या हळू म्हणाल्या. "मग मुरूम वर येईल आणि दोन्ही बाजूंना पसरत जाईल."

"मग शेत संपलं. मग मीही निघून जाईन कुठंतरी. जाणाऱ्यांचंच कौतुक असतं आमच्याकडं."

बोलत बोलत त्या झाडांकडे निघाल्या. मोजणीदार बाई सरळ पट्ट्यातून चालत होत्या. पायाखाली घट्ट जमीन असली की बरं वाटतं. धाकटी मात्र बाजूच्या भुसभुशीत रानातून, ढेकळांत अडखळत चालली होती.

"इकडून या की. तिकडं पाय रुततायत."

"नको. मी त्यावर पाय ठेवत नाही."

"का?"

धाकटी समोरच्या फटीकडे बघत म्हणाली, "समोरून कोणी आलं तर?"

ती थट्टा करत असेल म्हणून मोजणीदार बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

फटीची गोष्ट तिने तिथेच, सुरूच्या सळसळीवर आवाज चढवून सांगितली. ही रांग तिच्या वडिलांनी लावली. मजूर होतेच, पण घराच्या मागच्या दारासमोरची चार झाडं घरातल्या चौघांनी ज्याची त्याने लावायची असं ठरलं. वडिलांनी लावलं, आईने लावलं, धाकटीने फ्रॉकच्या ओच्यात माती आणून लावलं. थोरला भाऊ त्याच सकाळी कामासाठी परदेशी जायला निघाला होता. मोटार दारात उभी होती, उशीर होत होता. तो म्हणाला, माझं झाड मी आल्यावर लावेन, माझ्या जागेला कोणी हात लावायचा नाही. हसत म्हणाला होता. सुरुवातीला त्याची दोन पत्रं आली. मग काही नाही. माणूस कुठे गेला, जिवंत आहे की नाही, कोणालाच कळलं नाही. वडील त्याला शोधत चार बंदरं फिरून आले, आणि एक दिवस तेही देवाघरी गेले.

"बाजूच्या फांद्या वाढून फट मिटते. म्हणून आई दरवर्षी त्या छाटायला लावते."

"कोणाला?"

"इथं दुसरं कोण आहे?" धाकटी म्हणाली.

*

दुपारी स्वयंपाकघरात चहा झाला. म्हातारी आई मागच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसली होती. ती नेहमी तिथेच बसायची आणि दार नेहमी उघडं असायचं. तिथून शेत, शेतातला तो पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला आभाळाची एक उभी चीर दिसायची. उंबऱ्यावर मातीची बारीक रांग साचली होती.

"आजी, जरा एक गंमत दाखवू का?" मोजणीदार बाईंनी विचारलं.

"दाखवा की. नाहीतरी इथं गंमत दुर्मीळ. हिचं तोंड बघितलंत ना?"

मोजणीदार बाईंनी एक मोठ्या दातांचा कंगवा मागून घेतला. त्याचा मधला एक दात मोडलेला होता, पण त्यांना तेच हवं होतं. कणकेचा गोळा परातीत ठेवून त्यात कंगवा उभा रोवला, दात आभाळाकडे. मागे परातभर कोरडं पीठ भुरभुरवलं.

"हा कंगवा म्हणजे तुमची झाडं. पीठ म्हणजे शेत. आता हळूच फुंकर मारा."

म्हातारीने मान पुढे काढली आणि फुंकर मारली. दातांच्या मागचं पीठ जेमतेम हललं. मोडक्या दातामागून मात्र एक रेघ सर्रकन पुढे पळाली आणि परातीच्या काठाला जाऊन आपटली.

"बघितलंत? वारा अडला की तो गप्प बसत नाही, फट शोधतो. सगळी गर्दी एकाच दारातून निघाली की कशी रेटारेट होते, तसंच. झाडंच नसती तर वारा सगळीकडून सावकाश गेला असता. फट आहे म्हणून तिथून तो दुप्पट जोरानं येतो, आणि ती पायवाट कोरतो. पायांनी नाही पडलेली ती."

म्हातारी परातीकडे बघत राहिली. तिने पुन्हा एकदा फुंकर मारून पाहिली. धाकटी आईकडे बघत होती.

"छान आहे," म्हातारी म्हणाली. "पण तुमची रेघ सरळ गेली. त्याची वळते."

"कुठं वळते?"

"गोठ्यापाशी."

मोजणीदार बाईंनी दारातून बाहेर पाहिलं. पट्टा मधेच डावीकडे वळसा घेऊन पुन्हा सरळ होत होता हे खरं. पण वळशाच्या पोटात काहीच नव्हतं, नुसतं रान.

"तिथं तर गोठा नाही."

"होता," धाकटी खाली बघत म्हणाली. "वडील गेल्यावर गुरं विकली, तेव्हा पाडला."

"तो गेला तेव्हा गोठा उभा होता," म्हातारी समजावून सांगावं तशी म्हणाली. "पाडल्याचं त्याला कुठं ठाऊक? तो आपला वळसा घालूनच येतो."

परातीतलं पीठ दारातून येणाऱ्या वाऱ्याने आपोआप थोडं थोडं सरकत होतं.

*

ऊन उतरल्यावर मोजणीदार बाई हातात छोटी कुदळ घेऊन एकट्याच त्या वळशाकडे गेल्या. ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही ती मनात ठेवून झोपायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी रिकाम्या जागी दोन-चार घाव घातले आणि कुदळ खणकन वाजली. खाली दगडी फरशी होती. भिंती पाडल्या, पण गुरांच्या पायांखालची फरशी कोणी उखडली नव्हती. तिच्यावरची माती टणक राहिली, जरा उंच राहिली, म्हणून वारा तिला टाळून कडेने कोरत गेला. झालं. इतकी साधी गोष्ट. त्यांनी हायसं होऊन पाठ सरळ केली.

त्याच वेळी सुरूची झाडं एकदम घुमायला लागली. फटीत धुळीचा एक लोट उभा राहिला. माणसाच्या उंचीचा. तो तिथे थबकल्यासारखा वाटला आणि मग पट्ट्यातून आत यायला लागला, घाई नसलेल्या माणसाच्या चालीने. मोजणीदार बाईंनी असे लोट आयुष्यात शेकड्यांनी पाहिले होते. ते कशाने उठतात, किती वेळ टिकतात, त्यात किती माती असते, हे त्या गावोगावच्या शाळांत मुलांना फळ्यावर काढून सांगत असत. लोट जवळ आला. फरशीपाशी त्याने वळसा घेतला.

आणि त्या बाजूला झाल्या. विचार न करता, अरुंद बोळात समोरून येणाऱ्या माणसाला जागा द्यावी तशा दोन पावलं बाजूला सरून त्या ढेकळांत उभ्या राहिल्या. लोट त्यांच्या अंगावरून कोरडा, गरम श्वास टाकत पुढे गेला आणि मागच्या दारात शिरला. दारात बसलेली म्हातारी खुर्ची किंचित मागे घेताना त्यांना लांबून दिसली.

त्या घरात परतल्या. फरशीचं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, पण म्हातारीचा चेहरा इतका निवांत होता की त्यांनी कुदळ नुसतीच दाराशी टेकवून ठेवली.

"या, तुम्हाला तुमच्या कामाचं काहीतरी दाखवते," धाकटी त्यांना म्हणाली.

स्वयंपाकघरातून आत जाणाऱ्या बोळात पायाखाली बारीक करकर होत होती. बोळाच्या टोकाला एक खोली. तिचं दार विटेने अडकवून उघडं ठेवलेलं. आत एक लोखंडी खाट, एक टेबल, खुंटीवर शर्ट. सगळ्यावर माती होती. खाटेवरची चादर कुठल्या रंगाची ते कळत नव्हतं. भिंतीच्या कडेला मातीची उतरण लागली होती आणि खाटेच्या मधोमध, कोणी बसून उठून गेल्यावर राहावा तसा, एक खळगा होता.

"आई झाडू देत नाही. म्हणते, त्याच्या पायांची आहे."

मोजणीदार बाईंनी चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. काळी, मऊ, एकही खडा नसलेली. असल्या मातीसाठी लोक जीव टाकतात.

"ही तुमच्या शेताची साय आहे, ताई."

"ते तुम्ही नका सांगू मला," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पेरते मी, राबते मी. आणि माझं शेत उठून त्याच्या खोलीत जाऊन बसतं. इथं असताना तो असाच होता. ताटातलं सगळं त्याच्याकडंच जायचं, त्यानं मागितलंही नाही तरी. मला त्याचा राग येत नाही हो. राग यायला तो समोर तरी हवा."

आणि मग इकडे तिकडे बघून, कोणी ऐकेल अशी भीती असल्यासारखी, "खाटेवरचा तो खळगा मी दोनदा हातानं बुजवला होता," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

*

सकाळी मुकादम आला. त्याची गाडी रोपांनी गच्च भरलेली होती आणि रोपांच्या मधून त्याच्या टोळीतल्या बाया-माणसांची डोकी दिसत होती.

"मॅडम, रोपं तहानलीत आणि माणसं भुकेली आहेत, आणि माझं डोकं दोघांनी खाल्लंय," तो उतरता उतरता म्हणाला. "पटकन सांगा. फट सोडायची की बुजवायची? नकाशात वाट आहे, तर मी सोडतो. उद्या कोणी माझ्या नावानं शंख करायला नको."

"थोडं थांबा."

"थांबतो की. मुकादमाचा जन्मच थांबण्यात जातो."

मोजणीदार बाई मागच्या दाराशी गेल्या आणि म्हातारीच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. "आजी, फटीपर्यंत याल माझ्याबरोबर? तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"

"गुडघे चालत होते तेव्हा. इथून दिसतं की सगळं."

"इथून फट दिसते. बाकीचं नाही दिसत."

म्हातारीने हात पुढे केला. एका बाजूने मोजणीदार बाई, दुसऱ्या बाजूने धाकटी, अशा तिघी निघाल्या. म्हातारी पट्ट्यातून चालत होती आणि तिला धरायचं म्हणून धाकटीलाही त्यात उतरावं लागलं. वळणापाशी म्हातारी आपोआप डावीकडे वळली.

"आजी, इथं खाली गोठ्याची फरशी आहे अजून. मी काल खणून पाहिलं. वारा तिला टाळून वळतो."

"असं होय," म्हातारी म्हणाली. दोन पावलं गेल्यावर म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत. पटतंय मला. कालचं पिठाचंही पटलं होतं. पटतं हो सगळं. पण संध्याकाळ झाली की दारात बसावंसं वाटतं ते वाटतंच. त्याला काय करायचं, ते तुमच्या शास्त्रात आहे का?"

"नाही," मोजणीदार बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी मीसुद्धा बाजूला झाले होते."

म्हातारीने त्यांचा हात किंचित दाबला.

फटीपाशी वाऱ्याने तिघींचे पदर मागे ओढले. म्हातारीने एकेका झाडाकडे हात करून ओळख करून दिली, जशी लग्नघरात पाहुण्यांची करून देतात. "हे ह्यांचं. हे माझं. ही त्याची जागा. आणि हे..."

ती थांबली.

फटीच्या पलीकडच्या कडेचं झाड घराकडे कललेलं होतं. वाऱ्याने त्याच्या बुंध्याखालची माती इतकी काढून नेली होती की मुळं उघडी पडून जमिनीच्या वर आली होती. जाड, फिकट, सालपटं निघालेली मुळं. त्यांच्याखालून हात आरपार जाईल एवढी पोकळी होती. फटीकडच्या बाजूच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटून तिथे नुसत्या गाठी राहिल्या होत्या. शेंड्याला थोडा हिरवा झुबका होता, बस.

म्हातारी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली. तिने मुळाखालच्या पोकळीत हात घातला, कोपरापर्यंत.

"हे हिचं आहे," ती म्हणाली.

"पुढच्या मोसमापर्यंत उभं राहील असं वाटत नाही," मोजणीदार बाई म्हणाल्या.

"कधीपासून असं आहे?" म्हातारीने वर न बघता विचारलं.

"झाली बरीच वर्षं," धाकटी म्हणाली.

"मग बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? तू रोज इकडंच तर बघत बसायचीस, आई. ते फटीच्या शेजारीच आहे."

वारा फटीतून जाताना एक हलका, लांबट आवाज करत होता, कोणीतरी दुरून बोलावतंय असा. म्हातारी तो ऐकत होती. मोजणीदार बाईंना वाटलं, आता ही उठेल आणि घराकडे चालायला लागेल. मुकादमही लांबून डोक्याला हात लावून बघत होता. म्हातारीने मुळावरून हात फिरवला, बाळाच्या पायावरून फिरवतात तसा, आणि तळव्याला लागलेली माती झटकली नाही.

"खोडा ती रेघ," ती म्हणाली.

"आजी, मला नीट सांगावं लागेल. तुमच्या तोंडून."

"इथून कोणी येत नाही," म्हातारी म्हणाली. मग जरा थांबून, "जात पण नाही. गेला तो एकदाच."

मोजणीदार बाईंनी नकाशा मांडीवर घेतला, रबराने तुटक रेघ पुसली आणि तिथे लाल पेन्सिल फिरवली. वळणापाशी त्यांचा हात अडखळला. तो वळसाही त्यांनी तसाच, जसा होता तसा रंगवला.

"त्याच्या जागी तू लाव," म्हातारी धाकटीला म्हणाली.

"मी नाही. माझं एक आहे ते वाचवते. ते पुरे."

शेवटी थोरल्याच्या जागी मुकादमाच्या टोळीतल्या एका बाईने रोप लावलं. तिला काहीच माहीत नव्हतं. बाकीच्या खड्ड्यांत लावली तसंच लावलं, टाचेने माती दाबली, कंबरेवर हात ठेवून एक जांभई दिली आणि पुढच्या खड्ड्याकडे गेली. रोप वाढून वारा अडवायला लागायला वर्षं लागतात. म्हणून मुकादमाने त्याच्यासमोर काटक्यांचा दाट कूड उभा केला आणि दोऱ्यांनी आवळून बांधला. "घ्या," तो म्हणाला, "आता वाऱ्यानं काय करायचं ते आमच्या कुडाला विचारून करावं."

दुपारी धाकटीने खोलीच्या दाराची वीट काढली. फावड्याने भरभरून ती माती बाहेर आणत होती. म्हातारी बोळात भिंतीला टेकून उभी होती. टोपली जाताना ती अंग चोरून वाट देत होती, आणि एका टोपलीत तिने हात घालून मूठभर उचललीही. मग बोटं उघडून ती परत टोपलीतच पडू दिली. ती सगळी माती धाकटीने आपल्या झाडाच्या उघड्या मुळांत भरली, पाणी घातलं, पायाने नाही, तळहातांनी थापली.

संध्याकाळी वारा सुटला. सुरूची झाडं घुमली, कूड करकरला, टिकला. शेतात काही उठलं नाही. तो लांबट आवाजही आला नाही. मोजणीदार बाई आपली पेटी भरत होत्या, त्यांचे हात थांबले. इतकी शांतता झाली होती की घर कान देऊन बसल्यासारखं वाटत होतं. म्हातारी मागच्या दारात आपल्या खुर्चीवर बसून बघत होती. उंबऱ्यावर एक कणही येत नव्हता.

"आता तो कुठून येईल?" तिने विचारलं. कोणा एकाला विचारलं नव्हतं.

धाकटी चुलीपाशी होती. तिने हातातली भांडी खाली ठेवली.

"पुढच्या दारानं," ती म्हणाली. "सगळे येतात तसा."

म्हातारीने मान हलवली. थोड्या वेळाने तिने धाकटीला खुर्ची आत घ्यायला सांगितली.

मोजणीदार बाईंना पुढच्या गावी पोचायचं होतं. धाकटी त्यांना पुढच्या दारापर्यंत सोडायला आली.

"कडी लावून घ्या," मोजणीदार बाई पायरी उतरता उतरता म्हणाल्या. "रात्री वारा वाढेल."

"हो, लावते."

जीप सुरू करून वळवताना त्यांना आरशात ते दार दिसलं. धाकटी दार ओढून घेत होती. कडीला हात घालून ती तशीच उभी राहिली. मग खाली वाकून तिने अंगणातला एक दगड उचलला, दार आपटू नये अशा बेताने फटीत बसवला, आणि ते अर्धवट उघडं ठेवून आत गेली.